माळ्यावरची पेटी आणि कागदाचे मोल

दहिसरमध्ये सध्या जुन्या इमारतींच्या पुनर्विकासाची लगबग आहे. पूर्वेला रावळपाडा आणि आनंदनगर, पश्चिमेला कांदरपाडा, जिकडे पाहावे तिकडे चाळीस-पन्नास वर्षांच्या इमारतींवर हिरवी जाळी चढलेली दिसते. काळबादेवी, भुलेश्वर, पायधुणी येथील दाटीच्या खोल्या सोडून कितीतरी व्यापारी कुटुंबे एकेकाळी या उपनगरात आली. येताना त्यांनी पितळी भांडी आणली, देव्हारा आणला आणि त्यांबरोबर एखादी पत्र्याची पेटीही आणली. ती माळ्यावर गेली आणि तिथेच राहिली. आता घर रिकामे करायचे म्हटले की ती पेटी खाली उतरते. आत निघतात जुन्या चोपड्या, मुद्रांकाच्या कागदावरील हुंड्या, पोस्टकार्डे, कापडाच्या ताग्यांवरील रंगीत छापचित्रे, काड्यापेट्यांची वेष्टने, तिकिटांची वही आणि दहिसर जकात नाक्यावरच्या पिवळ्या पडलेल्या पावत्या.

अशा वेळी घरात बहुधा दोन मते पडतात. एक मत सांगते, ‘कागदच तो, रद्दीवाल्याला द्या.’ दुसरे मत मोबाइलवर आलेली एखादी चित्रफीत पाहून म्हणते, ‘हे लाखोंचे आहे, कोणाला हात लावू देऊ नका.’ ही दोन्ही मते अज्ञानातून येतात आणि दोन्हींमुळे नुकसान होते. पहिल्यात वारसा किलोच्या भावाने जातो. दुसऱ्यात लोभाचे दार उघडते आणि त्या दारातून ठग आत शिरतो. सोने कसोटीवर घासून आणि कापड बोटांत चुरगाळून पाहणाऱ्या समाजाला कागदाची पारखही असावयास हवी. ती फार कठीण नाही. तिचे नियम बाजाराच्याच नियमांसारखे आहेत.

एका चित्रपत्राची जगभर गाजलेली कथा

कागदाच्या लहानशा तुकड्याला किती मोल येऊ शकते, याचे जगातील सर्वांत बोलके उदाहरण अमेरिकेत आहे. तेथे बेसबॉल या खेळाचे स्थान आपल्याकडील क्रिकेटसारखे आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तेथील तंबाखू कंपन्या सिगारेटच्या नाजूक पाकिटात एक जाड पुठ्ठ्याचे पत्र घालीत. मूळ हेतू एवढाच, की पाकीट दबू नये. पुढे त्या पुठ्ठ्यावर खेळाडूंची चित्रे छापली जाऊ लागली आणि गिऱ्हाईक चित्रांसाठी पाकीट घेऊ लागले. १९०९ ते १९११ या काळात अमेरिकन टोबॅको कंपनीने काढलेल्या मालिकेत होनस वॅगनर या नामवंत खेळाडूचे एक पत्र होते. त्याच्या आक्षेपामुळे ते पत्र लवकरच छापणे बंद झाले. काही जण म्हणतात, आपल्या चित्राच्या मोहाने लहान मुलांनी तंबाखू विकत घ्यावी, हे त्याला मान्य नव्हते. काही जण म्हणतात, मोबदल्याचा प्रश्न होता. कारण काहीही असो, आज त्या पत्राच्या सुमारे ६० प्रतीच ज्ञात आहेत आणि २०२२ साली त्यांतील एक ७२.५ लाख डॉलरना विकली गेली.

त्याच वर्षी १९५२ सालच्या एका पत्राने हा विक्रमही मागे टाकला. टॉप्स या च्युइंगगम कंपनीने काढलेले मिकी मँटल या खेळाडूचे ते पत्र १ कोटी २६ लाख डॉलरना गेले. या मालिकेची कथा व्यापाऱ्याने मुद्दाम लक्षात ठेवावी अशी आहे. १९५२ च्या मोसमात मालिकेचा शेवटचा भाग उशिरा बाजारात आला, खपला नाही आणि गोदामात पडून राहिला. १९६० च्या सुमारास कंपनीने तो न खपलेला माल नावेत भरून अटलांटिक समुद्रात टाकून दिला. ज्या मालाने गोदामाची जागा अडवली होती, त्याच मालाची वाचलेली प्रत पुढे कोट्यवधींची झाली.

याच कथेला दुसरी बाजू आहे. जुन्या पत्रांचे भाव वाढल्याच्या बातम्या ऐकून १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात आणि १९९० च्या आरंभी अमेरिकेतील असंख्य लोकांनी नवीन पत्रांची खोकीच्या खोकी भरून ठेवली. मुलाच्या शिक्षणाची तरतूद म्हणून कोणी, निवृत्तीची पुंजी म्हणून कोणी. कंपन्यांनीही मागणी पाहून अमाप छपाई केली. सर्वांनीच जपून ठेवल्यामुळे दुर्मीळ असे काही उरलेच नाही. त्या काळातील बहुतेक पत्रांना आज छपाईच्या खर्चाइतकाही भाव मिळत नाही. जे फेकले गेले ते मौल्यवान झाले आणि जे जपले गेले ते कवडीमोल ठरले, हा त्या बाजाराचा सर्वांत मोठा धडा आहे.

मुंबईची आपली चित्रपत्रे

भारतात या प्रकारची बेसबॉलची पत्रे नव्हती, तरी मालाबरोबर चित्र देण्याची रीत येथे जुनीच आहे. रणजितसिंहजींची छबी इंग्लंडमधील सिगारेटच्या चित्रपत्रांवर झळकली होती. आज चाळिशी-पन्नाशीत असलेल्यांना ‘बिग फन’ बबलगमबरोबर मिळणारी क्रिकेटपटूंची चित्रे आणि त्यांवरील धावा-बळींची बेरीज नक्कीच आठवत असेल. परंतु व्यापारी घराण्यांच्या दृष्टीने खरे महत्त्वाचे चित्रपत्र कापडाच्या ताग्यावर होते.

एकोणिसाव्या शतकात मँचेस्टरचे कापड मुंबईच्या बंदरात उतरू लागले, तेव्हा प्रत्येक ताग्याच्या दर्शनी घडीवर एक रंगीत, चकचकीत चित्र चिकटविलेले असे. व्यापारात त्याला तिकीट, टीका किंवा छाप म्हणत. त्यावर देवदेवता, राजेमहाराजे, हत्ती, वाघ, मोर, कधी आगगाडी तर कधी आगबोट असे. खेड्यातील गिऱ्हाइकाला इंग्रजी अक्षर वाचता येत नव्हते. त्याला ‘हत्ती छाप’ हवे असे आणि दुकानदार त्याच्यापुढे हत्तीचे चित्र असलेला तागा टाकी. चित्र ही पतीची खूण होती. एकाची छाप दुसऱ्याने चोरली तर प्रकरण न्यायालयात जाई. राली ब्रदर्ससारख्या मोठ्या पेढ्यांची अशी कितीतरी तिकिटे होती आणि त्यांतील पुष्कळशी मुळजी जेठा मार्केटच्या गाळ्यांतून देशभर गेली. पुढे मुंबईच्या गिरण्यांनीही हीच रीत उचलली. ताग्याचे कापड नेसून-वापरून कधीच संपले, मात्र पाण्याने सोडवून वहीत चिकटवलेले चित्र कुठे कुठे राहिले. बेंगळुरूच्या ‘म्युझियम ऑफ आर्ट अँड फोटोग्राफी’ या संग्रहालयाने अशा तिकिटांचे स्वतंत्र प्रदर्शन भरविले, यावरून त्यांची प्रतिष्ठा ध्यानी यावी.

दुसरा मोठा प्रवाह राजा रविवर्मा यांच्या छापील चित्रांचा. त्यांचा शिळाछापखाना १८९४ साली मुंबईत सुरू झाला. आज मुंबईचे उपनगर असलेल्या घाटकोपरचे नाव त्या इतिहासाशी जोडलेले आहे. १८९९ मध्ये तो लोणावळ्याजवळ मळवली येथे हलला. कर्ज वाढल्यामुळे पुढे तो फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाकडे गेला आणि १९७२ च्या आगीत कारखाना भस्मसात झाला. त्या छापखान्याच्या लक्ष्मी-सरस्वती कितीतरी दुकानांच्या गादीमागे टांगलेल्या असत. काही घरांतील स्त्रियांनी त्यांना जर, टिकल्या आणि रेशमी कापड लावून सजविले. अशी सजविलेली चित्रे आज संग्राहकांना विशेष प्रिय आहेत.

काड्यापेट्यांची वेष्टने हा तिसरा प्रवाह. प्रथम ती स्वीडन, ऑस्ट्रिया आणि जपानमधून आली. १९२३ साली स्थापन झालेल्या विमको कंपनीच्या अंबरनाथ येथील कारखान्याने आणि नंतर दक्षिणेतील लहान कारखान्यांनी त्यांत शेकडो छापांची भर घातली.

मोल कशाने ठरते

या सर्व कागदांचे मोल ठरविणारी तत्त्वे पाचच आहेत. पहिले तत्त्व दुर्मीळता. वय आणि दुर्मीळता यांची गल्लत हीच सर्वसामान्यांची पहिली चूक असते. शंभर वर्षांपूर्वीचे जे तिकीट लाखोंच्या संख्येने छापले गेले आणि टिकले, ते आजही थोडक्या पैशांत मिळते. उलट स्वतंत्र भारताने १५ ऑगस्ट १९४८ रोजी महात्मा गांधींची जी चार तिकिटे काढली, त्यांतील दहा रुपयांचे तिकीट पाहा. त्याच्या फक्त १०० प्रतींवर सरकारी वापरासाठी ‘सर्व्हिस’ असा शिक्का छापला गेला. त्यांतील चार जोडतिकिटांची एक पट्टी २०१७ साली इंग्लंडमध्ये ५ लाख पौंडांना विकली गेली. त्याच चित्राचे, त्याच मूल्याचे साधे तिकीट मात्र सामान्य संग्राहकाच्या आवाक्यातील आहे. फरक फक्त एका शब्दाचा. म्हणूनच त्या शब्दाची नक्कल करणारेही बाजारात पुष्कळ आहेत.

कधी कधी दोषच गुण ठरतो. १८५४ साली निघालेले चार आण्यांचे तिकीट दोन रंगांत, दोन वेळा छापून तयार होई. लाल चौकट एकदा आणि राणी व्हिक्टोरियाचे निळे मस्तक दुसऱ्यांदा. काही कागद दुसऱ्या वेळी उलटे ठेवले गेले आणि राणी डोक्यावर उभी राहिली. या चुकीच्या मोजक्याच प्रती आज उरल्या असून त्या भारतीय तिकिटांतील सर्वाधिक मौल्यवान गणल्या जातात.

दुसरे तत्त्व मागणी. जगात एकच प्रत आहे, पण ती हवी असणारा कोणी नाही, तर तिला भाव नाही. जैन कुटुंबांच्या वहीत हमखास सापडणारी तीन तिकिटे येथे उदाहरणादाखल घेता येतील. १९३५ मध्ये राजा पंचम जॉर्ज यांच्या रौप्यमहोत्सवानिमित्त निघालेल्या मालिकेत सव्वा आण्याच्या तिकिटावर कोलकात्याचे जैन मंदिर आहे. १५ ऑगस्ट १९४९ च्या पुरातत्त्व मालिकेत १५ रुपयांच्या, म्हणजे मालिकेतील सर्वांत अधिक मूल्याच्या तिकिटावर पालिताण्याच्या शत्रुंजयावरील मंदिर आहे. नोव्हेंबर १९७४ मध्ये भगवान महावीरांच्या २५०० व्या निर्वाण महोत्सवानिमित्त पावापुरीचे जलमंदिर २५ पैशांच्या तिकिटावर आले. श्रद्धेच्या दृष्टीने तिन्ही सारखीच वंदनीय आहेत. बाजाराच्या दृष्टीने मात्र १५ रुपयांचे कोरे तिकीट वेगळ्या पंक्तीत बसते, कारण एवढ्या मूल्याचे तिकीट सामान्य पत्रावर क्वचितच लागत असे आणि ते कोरे जपून ठेवणे त्या काळी थोड्यांनाच परवडणारे होते. पावापुरीचे तिकीट घरोघरी आहे आणि ते घरोघरी असावे यातच त्याचा आनंद आहे.

तिसरे तत्त्व अवस्था. कोपरा दुमडला, घडी पडली, डाग आला, कडेचे छिद्र तुटले की किंमत घसरते. ही घसरण थोडीथोडकी नसते. एकाच पत्राच्या उत्तम आणि मध्यम प्रतींत दहापट, कधी शंभरपट अंतर पडते. तथापि अवस्था ‘सुधारण्याचा’ प्रयत्न हा त्याहून मोठा घात होय. वॅगनरच्या सर्वांत प्रसिद्ध प्रतीच्या कडा नीटनेटक्या दिसाव्यात म्हणून कापल्या होत्या, अशी कबुली ती विकणाऱ्या दलालाने २०१३ मध्ये न्यायालयात दिली आणि जगभरच्या संग्राहकांचा विश्वास हादरला. आपल्याकडेही रविवर्मा छापखान्याच्या चित्राची खालची पट्टी चौकटीत बसत नाही म्हणून कापलेली आढळते. छापखान्याचे नाव नेमके त्याच पट्टीवर असते. नाव गेले की पुरावा गेला.

चौथे तत्त्व अस्सलपणा. साधे भिंग येथे उपयोगी पडते. शिळाछापाच्या चित्रात रंगाचे कण वेडेवाकडे, खडीसारखे पसरलेले दिसतात. आधुनिक यांत्रिक छपाईत ठिपके शिस्तीने रांगेत बसलेले असतात. जुन्या चित्राची नवी नक्कल या एका परीक्षेत बहुधा उघडी पडते. याखेरीज कागदाचा पोत, मागील बाजूचा रंग आणि वासही बोलतो. चहाच्या पाण्यात बुडवून जुना केलेला कागद दोन्ही बाजूंनी सारखाच पिवळा दिसतो, तर काळाने पिवळा झालेला कागद कडेला गडद आणि मध्ये फिका असतो.

पाचवे तत्त्व पूर्वपीठिका, म्हणजे ही वस्तू कोणाकडून कोणाकडे आली याचा माग. व्यापारी कुटुंबांचे खरे सामर्थ्य येथे आहे. चोपडीत पेढीचे नाव आहे, हुंडीवर लिहून देणाऱ्याची सही आहे, पाकिटावर टपालाचा शिक्का आणि तारीख आहे, असे सारे एकत्र असेल तर प्रत्येक कागद दुसऱ्याची साक्ष देतो. सुटे तिकीट मुके असते. तेच तिकीट मूळ पाकिटावर, पत्त्यासह आणि शिक्क्यासह असेल तर ते कोणत्या साली, कोणत्या गावाहून, कोणत्या मार्गाने आले, हे सांगते. म्हणून जुन्या पाकिटावरचे तिकीट पाण्यात भिजवून सोडविणे ही अनेकदा न भरून येणारी चूक ठरते. कापडाच्या तिकिटांचेही तसेच. सुटे चित्र सुंदर, पण गाळ्याच्या नमुनावहीत, भावाच्या नोंदीसह चिकटलेले चित्र हा व्यापाराचा इतिहास होय. जकात नाक्याच्या पावत्यांना आज बाजारात विशेष किंमत नाही. पण १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला आणि मुंबईची जकात संपली. दहिसरच्या नाक्यावर रात्रभर रांगेत उभ्या राहिलेल्या मालमोटारींची साक्ष देणारा तो कागद पुन्हा छापला जाणार नाही. दोन-चार पावत्या जपल्याने काही बिघडत नाही.

फसवणूक आणि कायदा

वैष्णोदेवीचे चित्र असलेले पाच-दहा रुपयांचे नाणे लाखोंना विकले जाते, अमुक क्रमांकाची नोट दाखवा आणि मोटार घेऊन जा, असे संदेश वारंवार फिरतात. पद्धत ठरलेली असते. प्रथम मोठा भाव सांगितला जातो, नंतर ‘नोंदणी शुल्क’, ‘कर’, ‘दलाली’ अशा नावांनी पैसे मागितले जातात. पैसे गेले की फोन बंद होतो. रिझर्व्ह बँकेने ४ ऑगस्ट २०२१ रोजी जाहीर निवेदन काढून स्पष्ट केले, की जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदी-विक्रीत बँकेचा काहीही संबंध नाही, ती असे शुल्क घेत नाही आणि तिने कोणालाही तसे अधिकार दिलेले नाहीत. खरा खरेदीदार विकणाऱ्याला पैसे देतो, विकणाऱ्याकडून घेत नाही, हा नियम घरातील ज्येष्ठांना आवर्जून समजावून द्यावा. पेढीवर आयुष्यभर माणसे पारखलेले ज्येष्ठही फोनवरच्या गोड आवाजाला बळी पडतात. एकदा फसल्यावर लाजेपोटी घरात सांगत नाहीत, हे त्याहून वाईट.

कायद्याची बाजूही माहीत असावी. १९७२ च्या पुरावशेष व कलानिधी कायद्यानुसार शंभर वर्षे वा त्याहून जुन्या नाणी, शिल्पे, चित्रे इत्यादी वस्तू पुरावशेष ठरतात. ऐतिहासिक, साहित्यिक किंवा कलात्मक मोल असलेल्या हस्तलिखितांसाठी आणि दस्तऐवजांसाठी ही मर्यादा ७५ वर्षांची आहे. चित्रांकित हस्तलिखितांसारख्या काही प्रकारांची नोंदणी आवश्यक आहे. पुरावशेषांचा व्यापार परवानाधारकानेच करावयाचा असतो आणि खासगी व्यक्तीला ते देशाबाहेर विकता वा पाठविता येत नाहीत. अनेक घरांत कल्पसूत्राची जुनी पोथी किंवा आचार्यांना चातुर्मासाचे निमंत्रण देणाऱ्या विज्ञप्तिपत्राचा तुकडा असतो. परदेशातील नातेवाइकाने ‘इकडे पाठवा, चांगला भाव येईल’ म्हटले तरी तसे करणे गुन्हा ठरू शकते. कलाकृती विकल्यावर होणारा नफा करपात्र असतो, तेव्हा व्यवहारापूर्वी आपल्या लेखापालाचा सल्ला घेणे श्रेयस्कर.

वाटणीचा प्रसंग

नुकसानीचा सर्वांत मोठा प्रसंग मात्र घरातच येतो. समजा, रावळपाड्यातील एका कुटुंबात तीन भावांना वडिलांची एक वही मिळाली. तिच्यात एका पेढीच्या कापडछापांचा पूर्ण संच आहे. तिघेही न्यायी आहेत, म्हणून पाने मोजून तीन समान भाग करतात. व्यवहार चोख झाला, पण मोल बुडाले. पूर्ण संचाची किंमत त्याच्या सुट्या भागांच्या बेरजेहून कितीतरी अधिक असते. त्यातही एखादी अतिदुर्मीळ छाप ज्याच्या वाट्याला गेली, त्याच्याविषयी पुढे दहा वर्षांनी दुसऱ्या दोघांच्या मनात शंका उभी राहते.

यावर वाट एकच. वाटणीपूर्वी सर्वांच्या समक्ष यादी करावी, प्रत्येक पानाचे छायाचित्र घ्यावे आणि दोन वेगवेगळ्या जाणकारांकडून मूल्यांकन करून घ्यावे. जो मूल्य ठरवितो तोच विकत घ्यायला तयार असेल तर ते मूल्यांकन धरू नये. त्यानंतर एकाने वही ठेवावी आणि इतरांना तेवढ्या रकमेची भरपाई द्यावी, किंवा तिघांच्या नावाने ती एकत्र राहावी. छायाचित्रांचा संच प्रत्येकाकडे असावाच. आठवणीवर सर्वांचा सारखाच हक्क असतो आणि छायाचित्राने ती वाटता येते.

जतन आणि जयणा

मुंबईची दमट हवा हा कागदाचा पहिला शत्रू, आणि खाडीला लागून असलेल्या दहिसरमध्ये पावसाळ्यात तिचा अनुभव भिंतींनाही येतो. बुरशी, कसर आणि वाळवी ओलाव्यामागोमाग येतात. येथे जैन घरांतील जयणेची शिकवण शास्त्रशुद्ध जतनाशी तंतोतंत जुळते. कीटक झाल्यावर विषारी फवारा मारण्यापेक्षा जीवोत्पत्तीच होऊ नये अशी स्थिती ठेवणे, हेच दोन्हींचे सांगणे आहे. कागद भिंतीपासून दूर, जमिनीपासून उंच, कोरड्या लोखंडी कपाटात ठेवावेत. आम्लरहित कागदाची पाकिटे वापरावीत. प्लॅस्टिकचे आवरण चिकटवून बंद करणे, पारदर्शक चिकटपट्टी लावणे, रबरबँडने बांधणे आणि टाचण्या ठेवणे, हे चारही प्रकार टाळावेत. तिकीट हाताळताना चपट्या टोकाचा चिमटा वापरावा, बोटाच्या घामाचा ठसा वर्षांनी उमटतो.

पूर्वजांनी ग्रंथभांडारांसाठी जी रीत घालून दिली तीही उपयोगी आहे. पोथी सुती वेष्टनात, दोन लाकडी पाट्यांमध्ये बांधून ठेवली जाई आणि पावसाळा सरल्यावर ज्ञानपंचमीला ती बाहेर काढून, धूळ झाडून, हवा दाखवून पुन्हा बांधली जाई. दिगंबर परंपरेत श्रुतपंचमीला असेच होते. घरातील जुन्या कागदांसाठीही वर्षातून तोच एक दिवस नेमला, तर मुलांच्या हातून त्यांची ओळख आपोआप होईल. आजोबांच्या अक्षरातील मोडी किंवा महाजनी ओळ कोणीतरी वाचून दाखवील आणि दुसरे कोणी ती लिहून ठेवील. दहा-पंधरा वर्षांनी ती लिपी वाचणारे घरात उरतीलच असे नाही.

संग्रह आणि परिग्रह

शेवटी एक प्रश्न उरतो आणि तो जैन वाचकाच्या मनात केव्हाचा आला असेल. परिग्रह-परिमाणाचे व्रत घेणाऱ्या श्रावकाने संग्रह करावा काय? तत्त्वार्थसूत्राने आसक्तीलाच परिग्रह म्हटले आहे. तेव्हा प्रश्न कागदांच्या संख्येचा राहत नाही, मनाच्या पकडीचा होतो. कुलुपात ठेवून कोणालाही न दाखवता, दर महिन्याला भाव तपासत बसणारा माणूस दहा तिकिटांनीही बांधला जातो. दुसरा हजारो वस्तू जमवूनही मोकळा राहतो.

पुण्याचे दिनकर गंगाधर केळकर हे अशा मोकळ्या संग्राहकाचे उदाहरण. ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता करणाऱ्या या गृहस्थाने १९२० च्या सुमारास अडकित्ते, दिवे, दौती, स्वयंपाकघरातील भांडी अशा रोजच्या वापरातील वस्तू जमविण्यास प्रारंभ केला. हजारो वस्तू जमल्यावर अकाली गेलेल्या आपल्या मुलाच्या, राजाच्या नावाने त्यांनी त्यांचे संग्रहालय केले आणि सारे धन महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केले. हस्तलिखितांच्या क्षेत्रात मुनिश्री पुण्यविजयजींनी आपला अमूल्य ठेवा अहमदाबादच्या लालभाई दलपतभाई भारतीय संस्कृती विद्यामंदिराला दिला, तेव्हा कस्तुरभाई लालभाईंसारख्या उद्योगपतीने त्यामागे आपले बळ उभे केले. त्या भांडारातून आज देशोदेशीचे अभ्यासक शिकतात.

म्हणून पेटी खाली उतरली की तीन ढीग करावेत. कुटुंबाच्या आठवणींचे कागद घरी ठेवावेत, त्यांचे मोल बाजारात विचारूच नये. ज्याला भाव आहे पण घरात कोणाला ओढ नाही, ते पारखून, पावती घेऊन, उघड व्यवहाराने योग्य संग्राहकाकडे जाऊ द्यावे. आणि ज्यात समाजाचा इतिहास आहे, ते ग्रंथभांडार, संग्रहालय किंवा अभिलेखागार यांना दान करावे. दान देण्यापूर्वी तेथे ते जपले जाईल आणि अभ्यासकाला पाहावयास मिळेल, याची लेखी खात्री करून घ्यावी. रद्दीचा काटा या तिन्ही ढिगांनंतर उरलेल्या कागदांसाठी आहे. आणि तोही आजी-आजोबांना विचारूनच लावावा.